एकवीस इंची चाकं

गाडी घेतली तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर ती तळोद्याच्या बाजारातून जाताना लोक मान वळवून बघायचे याचा. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. आमचं ठिबकच्या नळ्या, पंप आणि खतांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी दुकान वाढवलं, आणि माझ्या हातात ते आलं तेव्हा फार काही करायचं उरलेलं नव्हतं. वडील शेवटपर्यंत एका जुन्या जीपमधून केळीच्या मळ्यांत फिरले. मी त्यांच्यापेक्षा वेगळा दिसावा असं मला फार वाटायचं.

सुरतेच्या शोरूममध्ये एक तरुण मुलगी गाड्या दाखवत होती. तिने मला शांतपणे समजावलं होतं. याच गाडीत दोन प्रकारचं सस्पेन्शन मिळतं, म्हणाली. एकात स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात, खड्डा आला की ते दबतात आणि माणसाला कळतही नाही. दुसरं स्पोर्ट, त्यात स्प्रिंग कडक, गाडी जरा खाली बसलेली, वळणावर कलत नाही. मी कुठे राहतो ते तिने विचारलं. मी सांगितलं तर म्हणाली, "सर, तुमच्या भागासाठी हवेचं घ्या. दोन महिने थांबावं लागेल, पण घ्या." मला दसऱ्याला गाडी दारात हवी होती. शोरूमच्या काचेमागे स्पोर्टवाली काळी गाडी उभी होती, जमिनीलगत दबा धरून बसलेल्या जनावरासारखी. मी तीच घेतली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. कंपनीने एकोणीस इंची चाकं दिली होती, जाड टायरची. माझ्या चुलतभावाच्या गाडीला वीस इंची होती. म्हणून मी तिथूनच थेट चाकांच्या दुकानात गेलो आणि एकवीस इंची काळी चकचकीत चाकं बसवून घेतली. चाक मोठं झालं की टायर पातळ होतो, नाहीतर ते चाक गाडीच्या कमानीत मावणारच नाही. चाकाच्या कडेवर दोन बोटं रबर उरतं. लांबून फार देखणं दिसतं.

माझा ड्रायव्हर धडगावकडचा, पावरा समाजातला, वयाने माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा. माझ्याकडे येण्याआधी त्याने पंधरा वर्षं तळोद्याहून डोंगरात जाणारी जीप चालवली होती. घरी तो पावरी बोलायचा, माझ्याशी अहिराणी. गाडी दारात आली, पूजा झाली, लोक पेढे घेऊन गेले, तेव्हा तो चाकाजवळ उकिडवा बसला आणि टायरच्या बाजूवर अंगठा दाबून बघू लागला. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "शेठ, ह्या टायरले पोटच नही शे. गचका सरळ माणूसले लागी."

मी हसलो होतो. आणि तिथे उभ्या असलेल्या दोघातिघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो होतो, की ही धडगावची जीप नाही.

पुढच्या काही महिन्यांत मला कळायचं ते कळलं. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा, प्रत्येक डागडुजी माकडहाडापर्यंत पोचायची. बायको मागे बसायचं टाळू लागली, आईने तर तिसऱ्या दिवशीच सांगितलं की तिला रिक्षा बरी. एकदा तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलापुढे एका खड्ड्यात चाकाची कड वाकली, तेव्हापासून मी टायरमध्ये हवा जास्त ठेवायला लावली, म्हणजे कड वाचेल. त्यामुळे गाडी आणखी दगडासारखी झाली. पण हे मी कुणाजवळ कबूल केलं नाही. कुणी विचारलं की सांगायचो, मांडीवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही.

तापीकाठच्या एका गावात वडिलांचे एक स्नेही राहतात. गुजर शेतकरी, केळी आणि ऊस. मी त्यांना काका म्हणतो. वडील गेले त्या वर्षी दुकानात बसायची माझी हिंमत होत नव्हती, तेव्हा ते महिनाभर रोज दुपारी येऊन माझ्या शेजारी बसले होते. बोलायचे काही नाहीत. गिऱ्हाईक आलं की फक्त माझ्याकडे बोट दाखवायचे, "याले इचारा." एवढं एक सांगितलं की ते माझे कोण, हे समजावं.

मागच्या थंडीत केळीचे घड भरताना काका ट्रॉलीवरून पाठीवर पडले. मणका मोडला. सुरतेला ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसवले. दहाव्या दिवशी सोडणार म्हणाले. माझ्याच वयाच्या त्यांच्या मुलाने तिथल्याच एका ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलून ठेवलं होतं. मी त्याला फोन केला आणि म्हणालो, ॲम्ब्युलन्स कशाला, त्या काय गाड्या असतात का, माझी गाडी आहे ना. काकांना फुलासारखं आणतो. तो जरा घुटमळला. म्हणाला, डॉक्टरांनी झटके बसू देऊ नका असं सांगितलंय. मी म्हणालो, तेच तर सांगतोय. शेवटी त्याने ॲम्ब्युलन्स रद्द केली. तो घरी पलंग, कमोड, सगळी व्यवस्था लावायला थांबला. मी आणि ड्रायव्हर सकाळीच निघून सुरतेला पोचलो.

निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, कोणत्या गाडीने नेताय? मी गाडीचं नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. छान गाडी आहे, म्हणाले, हळू न्या. त्यांना बिचाऱ्यांना चाकांचं काय माहीत? ते मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मागची सीट शक्य तेवढी आडवी केली, उशा लावल्या. पाठीला पट्टा बांधलेले काका मधे, शेजारी काकी त्यांचा हात धरून. पुढे मी. व्यारा येईपर्यंत मोठा रस्ता होता, तरी पुलांचे सांधे होतेच. प्रत्येक सांध्यावर धप असा एक आवाज यायचा, आणि त्यामागोमाग काकांच्या नाकातून सुटलेला श्वास. मी आधी रेडिओ लावला होता. सोनगढच्या अलीकडे तो बंद केला, कारण मला मागचं ऐकायचं नव्हतं आणि ऐकायचंही होतं.

मधूनच काकी पदराने काकांचं कपाळ पुसायच्या. मी दोनदा मागे वळून विचारलं, काका, ठीक ना? दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरने वेग साठवर आणला होता, मग पन्नासवर, मग चाळीसवर. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. मी गाडीच्या पडद्यावर बोट फिरवत बसलो. त्यात ‘कम्फर्ट’ असा एक पर्याय होता. तो निवडला. कसलाही फरक पडला नाही. नुसती अक्षरं निळी झाली.

नवापूरनंतर काम चाललेला एक पट्टा लागला. खडी दाबलेली, डांबर अजून पडायचं होतं. त्या दोनतीन किलोमीटरमध्ये काकांनी पहिल्यांदा आवाज काढला. ओरडले नाहीत. लहान मूल झोपेत कण्हतं तसा आवाज होता. आणि मी त्या वेळी काय केलं? ड्रायव्हरवर ओरडलो. "नीट चालव ना, बघून चालव जरा." तो त्या क्षणी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गाडी नेत होता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, पुढे वाकून, एकेक खडा टाळत. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने तो हलक्या आवाजात म्हणाला की टायरमधली हवा थोडी कमी केली तर गचके कमी होतील, पण या टायरमध्ये तेवढी जागा नाही, कमी केली तर कड थेट रस्त्याला लागेल आणि चाक फुटेल. तो हे तक्रारीसारखं म्हणाला नाही. वाट शोधत होता. मी म्हणालो, चाकाला हात लावू नको. मी तेव्हासुद्धा चाकाचा विचार केला.

विसरवाडीच्या अलीकडे काका म्हणाले, "भाऊ, माले खाले उतारा. आते नही सहन व्हत."

समोरच एक ढाबा होता. तिथली एक बाज मागून घेतली. ड्रायव्हरने, मी आणि ढाबेवाल्याने मिळून काकांना चादरीसकट उचलून बाजेवर ठेवलं. दुपार झाली होती, ऊन होतं, लिंबाच्या सावलीत बाज ओढली. काकांचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. काकींनी पिशवीतून गोळी काढून दिली. मग त्या माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, की ॲम्ब्युलन्स परत बोलावता येईल का. आवाजात राग नव्हता. मी फोन काढला. सुरतेच्या माणसाची गाडी दुसरीकडे गेली होती. नंदुरबारहून दुसरी मिळेल, पण यायला वेळ लागेल असं कळलं.

ढाबेवाला पन्नाशीचा माणूस. तो इतका वेळ माझ्या गाडीभोवती फिरत होता, चाकं बघत होता. त्याची स्वतःची एक जुनी सात सीटची गाडी मागे उभी होती, रंग उडालेली, एका दरवाजाला दोरी बांधलेली. तो म्हणाला, माझी घेऊन जा, बाकी काही नाही, पण तिच्यात माझी म्हातारी आई रोज दवाखान्यात जाते. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने चावी घेतली. अर्धा किलोमीटर जाऊन आला. खाली उतरून काडीने व्हॉल्व्ह दाबून चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. ते टायर जाडजूड होते, फुगलेले. हवा सुटल्यावर ते किंचित बसले. तो पुन्हा एक फेरी मारून आला आणि काकींना म्हणाला, चला.

काका त्या गाडीत, काकी त्या गाडीत, ड्रायव्हर ती चालवतोय. मी माझी एकटा चालवत मागे. नंदुरबारपर्यंत आणि तिथून पुढे प्रकाशापर्यंत मी त्या दोरी बांधलेल्या दरवाजाकडे बघत होतो. ती गाडी खड्ड्यात जायची, डुलायची आणि शांत व्हायची. त्याच खड्ड्यात माझी जायची तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटायचे. चामड्याची सीट होती, थंड हवा येत होती, मागची आडवी सीट आणि तीन उशा मला आरशात दिसत होत्या. वाटेत कुणी मला पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल, काय गाडी आहे.

गावात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. काकांना आत नेलं. त्यांच्या मुलाने बाहेर येऊन ती जुनी गाडी पाहिली, मग माझी पाहिली, आणि विचारलं, काय झालं? त्याने साधं विचारलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काय काय सांगू शकलो असतो! चाकं मी बदलली, सस्पेन्शन मी निवडलं, दोघांनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी म्हणालो, "यानेच आपटली सारखी. जीपची सवय आहे ना."

ड्रायव्हर ओट्याच्या पायरीवर उभा होता. कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या दिला होता, तो वर धरून पीत होता. तो थांबला. तांब्या खाली ठेवला. जमलेल्यांपैकी एक म्हातारे त्याला म्हणाले, अरे पेशंट होता ना गाडीत. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, हो. नुसतं "हो". मग ढाबेवाल्याची गाडी परत करायची आहे असं म्हणून तो निघून गेला. परत बसने आला असणार, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर आला. गाडी पुसली. मला वाटलं होतं की तो काही बोलेल, रागावेल, मग मीही काहीतरी बोलेन आणि विषय संपेल. तो बोललाच नाही. आधी तो वाटेत डोंगरातलं काही ना काही सांगायचा, काठी गावच्या होळीचं व्रत कोण किती दिवस आधीपासून पाळतं, कुठल्या घाटात जीप कशी उलटता उलटता वाचली. ते सगळं बंद झालं. कुठे जायचं विचारायचा आणि तिथे न्यायचा.

आठ दिवसांनी मी नंदुरबारला टायरच्या दुकानात गेलो. आमच्या गोदामात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली एकोणीस इंची चाकं परत बसवून घेतली. दुकानदार एकवीस इंची चाकं काढताना म्हणाला की एकाच्या आतल्या कडेला तडा गेलाय, टायरच्या बाजूला फुगवटाही आलाय, नशीब समजा. सस्पेन्शनचं काही होऊ शकत नव्हतं, पण नुसत्या टायरने गाडी निम्मी सुधारली. येताना प्रकाशाच्या पुलावर सांधे लागले तेव्हा आवाज आला, पण दणका आला नाही. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याला फरक कळला नसेल असं होणं शक्य नव्हतं. तो समोर बघत होता.

आता काकांना तपासायला मी नेईन, असं मनाशी ठरवलं होतं. सहा आठवड्यांनी त्यांना सुरतेला दाखवायचं होतं. त्या आठवड्यात फोन केला तर मुलगा म्हणाला, कालच जाऊन आलो. स्क्रू जागेवर आहेत, सगळं ठीक आहे. मी विचारलं, कशाने गेलात? म्हणाला, तो विसरवाडीचा ढाबेवाला आहे ना, तोच गाडी घेऊन आला होता. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही, असंही म्हणाला. मी म्हणालो, बरं केलं.

रविवारी भेटायला गेलो. काका काठी धरून ओसरीत चार पावलं चालायला लागले होते. मुलगा मळ्यात होता, काकी आत चहा करत होत्या, ड्रायव्हर बाहेर गाडीशी. काकांनी मला जवळ बसवून घेतलं. वडील गेले तेव्हा बसायचे तसेच थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडी त्यानी नीटच चालाडी व्हती. मी मांगे पडेल व्हतू, माले म्हाईत शे. तू सगळास्ना म्होरे तसं का बरं बोलना?"

मी टायर बदलले, असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, चांगलं केलं. आणि विषय तिथेच सोडून दिला. ते मला रागे भरले असते तर मला बरं वाटलं असतं, इतकं लहान वाटत होतं मला त्यांच्यासमोर.

परत येताना मी ड्रायव्हरशी त्याबद्दल पहिल्यांदाच बोललो. गाडी थांबवायला लावली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही, समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालो की त्या दिवशी चूक माझी होती, चाकांची होती, तुझी नव्हती. उसाने भरलेली एक बैलगाडी पुढे होती, तिला ओलांडून झाल्यावर तो म्हणाला, "शेठ, तवय सांगतात तं बरं व्हतं."

तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. यात काहीच वाढवून सांगितलेलं नव्हतं, आणि मला त्यातलं एक अक्षरही खोडता आलं नाही.

होळीला तो सुट्टी घेऊन गेला आणि आठवड्याने येऊन म्हणाला, मेव्हण्याने जीप घेतलीय, तळोदा ते धडगाव, ती चालवायची आहे. मी थांब म्हणालो. त्याने हसून नाही म्हटलं. कारण विचारायचा मला हक्क नव्हता. जाताना त्याने नव्या ड्रायव्हरला सगळं नीट समजावून दिलं. टायरमध्ये हवा किती ठेवायची, कुठल्या रस्त्याला वेग किती, मागे म्हातारं माणूस असेल तर स्पीडब्रेकर तिरपा कसा घ्यायचा. मी दुकानाच्या दारात उभा राहून ते ऐकत होतो.

उन्हाळ्यात काकांच्या मळ्यात घड कापायचं काम चाललं होतं. ठिबकची एक लाइन बघायला गेलो होतो. बांधावर सात-आठ जण जेवायला बसलेले. त्यातले चार जण त्या दिवशी अंगणात होते, ते म्हातारेही. मी उभ्यानेच त्यांना सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, गाडीत दोष मी केलेला होता, ड्रायव्हरने काकांना जपूनच आणलं होतं. माझा आवाज मलाच विचित्र वाटत होता. म्हाताऱ्यांनी घास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. कुठला ड्रायव्हर, असं त्यांनी विचारलं. मी आठवण करून दिली. हां हां, म्हणाले, तो होय. मग दुसरा कुणीतरी म्हणाला की बसा, भाकरी खा, आणि बोलणं पुन्हा व्यापाऱ्याची गाडी अजून का आली नाही याकडे वळलं.

मी बसलो. ठेचा आणि भाकरी खाल्ली. आपण सांगितलं याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं, ते वाटलं नाही. ज्याला ते ऐकायला मिळायला हवं होतं, तो त्या वेळी कुठल्यातरी घाटात चौदा माणसं बसवून जीप वर चढवत असेल. हे त्याच्या कानावर गेलं की नाही, मला ठाऊक नाही. तळोद्याच्या स्टँडवर कधी दिसला तर तो हात वर करतो, काकांची तब्येत विचारतो. मी सांगतो, आता काठीशिवाय चालतात. तो म्हणतो, चांगलं झालं, आणि पॅसेंजरना हाक मारायला वळतो.